झाडं लावली, पण विष कुठे गेलं?

जानेवारी २०२५ च्या पहिल्या दोन दिवसांत भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून १२ कंटेनर बाहेर पडले. त्यांत ३३७ टन विषारी कचरा होता. पोलीस बंदोबस्तात तो इंदूरजवळच्या पिथमपूरला नेला, तिथले लोक विरोधात रस्त्यावर आले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि वर्षाच्या मध्यापर्यंत तो कचरा तिथल्या भट्टीत जाळून झाला. ४० वर्षांचा प्रश्न मिटला अशा थाटात त्याच्या बातम्या आल्या. पण कारखान्याच्या आवारातल्या मातीचं काय? नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१० च्या सुमारास दिलेल्या अहवालात सफाईची गरज असलेल्या मातीचा अंदाज ११ लाख टन होता. ती माती तिथेच आहे. दर पावसाळ्यात तिच्यातून पाणी झिरपतं आणि आसपासच्या वस्त्यांच्या भूजलाला मिळतं.

वीस टनी ट्रकने ही माती हलवायची म्हटली तर ५५ हजार खेपा होतात. बरं, नेऊन टाकायची कुठे? ज्या गावाशेजारी टाकू ते गाव पिथमपूरसारखंच उठून उभं राहील, आणि त्यात त्या गावाचं काहीही चुकणार नाही. भट्टीत घालायची तर माती जळत नाही, ती फक्त भाजून निघते. त्याला लागणारं इंधन आणि पैसा कोणत्याही सरकारला घाम फोडणारा आहे. भोपाळचं नाव जगाला माहीत आहे म्हणून तिथे निदान मोजमाप तरी झालं. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथं होतं, आणि २०१८ च्या निर्देशांकात तारापूर पहिलं. या गावांच्या शिवारात वीतभर खोलीवर काय साठलंय हे तिथल्या शेतकऱ्यालाही कुणी नीट सांगितलेलं नाही.

झाडांचा विषय इथे येतो. काही झाडं मुळांवाटे धातू ओढून घेतात. काहींच्या मुळांशी राहणारे जिवाणू तेल, रंग, कीटकनाशकं फोडून टाकतात. खोदकाम नको, भट्टी नको, जमीन जागच्या जागी सुधारते आणि खर्चही खोदून नेण्याच्या मानाने बराच कमी येतो. गेली तीसेक वर्षं जगभर यावर काम चाललंय आणि त्यात नागपूर-कोल्हापूरच्या प्रयोगशाळांचाही वाटा आहे. मला हा मार्ग मनापासून पटतो. पटतो म्हणूनच त्याच्या नावावर जे खपवलं जातं आणि उद्या आणखी खपवलं जाईल, त्याची काळजी वाटते. दूषित जमिनीवर झाड लावण्याआधी तिथलं विष कोणत्या प्रकारचं आहे आणि ते शेवटी कुठे जाणार आहे, हे लेखी सांगायला लावलं पाहिजे. ज्या योजनेकडे याचं उत्तर नाही, ती सरकारी कागदावर सफाई म्हणून मोजू नये.

यातली मूळ कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवीन नाही. सोयाबीन पेरण्याआधी रायझोबियमचं २५० ग्रॅमचं पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवायचं, दहा किलो बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं, हे कृषी सहायक वर्षानुवर्षं सांगत आलेत. महिनाभराने रोप उपटून मुळावरच्या गाठी फोडल्या आणि आत गुलाबी रंग दिसला की जिवाणू कामाला लागलेत हे कळतं. झाड साखर देतं, जिवाणू नत्र देतात. मुळांलगतच्या मातीतलं जीवन बाकी मातीपेक्षा वेगळं असतं, हे लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्येच मांडलं होतं. झाड पानांत तयार केलेल्या अन्नाचा बराच भाग मुळांतून मातीत सोडतं. त्या साखरेवर आणि आम्लांवर जिवाणूंची वस्ती वाढते.

विषारी जमिनीतही हीच भागीदारी चालते, फक्त देवाणघेवाण वेगळी असते. धातूंनी भरलेल्या मातीत रोपाला ताण आला की ते इथिलीन वायू तयार करतं आणि त्याने मुळांची वाढ खुंटते. काही जिवाणूंकडे असं विकर (एन्झाइम) असतं की ते इथिलीन ज्या पदार्थापासून बनतं तोच पदार्थ खाऊन टाकतात, मग मुळं पुढे सरकत राहतात. काही जिवाणू आम्लं सोडून मातीला चिकटलेला धातू सुटा करतात, काही उलट त्याला बांधून ठेवतात. काही तर मुळांच्या, खोडाच्या आतच राहतात. नुसतं झाड लावलं आणि मेलं, म्हणून ‘इथे काही उगवत नाही’ असा शेरा मारून जी जमीन सोडून दिली जाते, तिथे पुष्कळदा झाडाची निवड चुकलेली नसते. त्याला सोबत दिलेली नसते.

विषाचे प्रकार नीट कळल्याशिवाय मात्र पुढचं काहीच कळणार नाही. डिझेल, कापडाचे रंग, लिंडेनसारखी कीटकनाशकं, कारखान्यांतले द्रावक हे सगळे कार्बनचे रेणू आहेत. रेणू तुटतो. नीट तुटला तर त्याचं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे साधे क्षार होतात, आणि विष खरोखर संपतं. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. जगातला कोणताही जिवाणू शिसं खाऊन संपवू शकत नाही. मातीतून ते पानात जाईल, हवेत जाईल, पाण्यात जाईल किंवा मातीतच बांधलेलं राहील, पण राहील. जाहिरातीत मात्र दोन्हींसाठी ‘नैसर्गिक शुद्धीकरण’ हे एकच नाव वापरलं जातं आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिल्या प्रकाराबद्दल आपण जितके उत्साही असायला हवं तितके नाही, असं मला वाटतं. लिंडेन बनवताना एक टन मालामागे एचसीएच या लिंडेनच्याच कुळातल्या रसायनाचा आठ-दहा टन निरुपयोगी भाग उरतो. ते भारतात आणि युरोपातही कारखान्यांच्या आसपास सर्रास टाकलं गेलं आणि दशकानुदशकं टिकून राहिलं. हे एचसीएच फोडणारा एक जिवाणू भारतीय शास्त्रज्ञांना उसाच्या मुळांलगतच्या मातीत सापडला. पुढे दिल्ली विद्यापीठात रूप लाल यांच्या गटाने त्याच्या जनुकांचा सविस्तर अभ्यास केला. स्फिंगोबियम इंडिकम हे त्याचं आजचं नाव. ज्या देशाने शेतात एचसीएच पोतंपोतं पसरलं, त्याच देशाच्या शेतात ते खाणारा जीव तयार झाला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी. दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेने तेलाच्या गाळावर वाढणाऱ्या जिवाणूंचा समूह ‘ऑइलझॅपर’ नावाने तयार केला, आणि तो तेल कंपन्यांच्या गाळावर प्रत्यक्ष मैदानात वापरला गेला. इथे प्रयोगशाळेतून शेतापर्यंतचा रस्ता पूर्ण झालेला आहे.

कोल्हापूरचं उदाहरण तर आपल्या अंगणातलं. शिवाजी विद्यापीठात संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापडउद्योगातल्या रंगांवर बरीच वर्षं काम केलं. झेंडू, गेलार्डिया, चिनी गुलाब ही कुंडीत लावायची फुलझाडं त्यांनी रंगीत सांडपाण्यावर वाढवून पाहिली. चिनी गुलाबाच्या जोडीला स्यूडोमोनास पुटिडा हा जिवाणू दिला, तेव्हा दोघांनी मिळून रंग एकेकट्यापेक्षा चांगला फोडला. इचलकरंजी जवळ, पंचगंगा जवळ. प्रयोगाला आणि प्रश्नाला एकच जिल्हा. फुलझाडं निवडण्यात शहाणपण होतं, कारण झेंडूचं फूल ताटात येत नाही. एवढं काम झालेलं असताना त्या जिल्ह्यातल्या नाल्यांच्या काठांवर आणि रंगीत पाण्याने खराब झालेल्या पट्ट्यांवर हे रोजचं काम का झालं नाही, हा प्रश्न विद्यापीठाला विचारण्यात अर्थ नाही. तो उद्योग विभागाला आणि नगरपालिकांना विचारायला हवा.

तरी इथेही एक सावधगिरी हवीच. कापडाच्या रंगांतल्या अझो वर्गातला रंग तुटला की पाणी स्वच्छ दिसतं, पण अर्धवट तुटलेल्या रंगातून अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं निघतात आणि त्यातली काही मूळ रंगाहून घातक असतात. कोल्हापूरच्या संशोधकांनी रंग गेल्यावर उरलेल्या पदार्थांची विषारकता स्वतंत्रपणे तपासली, हा त्यांच्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. ठेकेदार तो भाग वगळतो. त्याला बाटलीतल्या पाण्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन फोटो पुरतात.

पुरावा कसा असावा याचा नमुना कॅलिफोर्नियात पाहायला मिळतो. सिलिकॉन व्हॅलीत चिप बनवणाऱ्या कारखान्यांनी वापरलेलं ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावक भूजलात उतरलं होतं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शॅरन डोटी यांच्या गटाने तिथे पॉपलरची झाडं लावली, काही नुसती आणि काही हे द्रावक फोडणारा जिवाणू खोडात पोसणारी. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत जिवाणूवाली झाडं जास्त जाड झाली. पण ‘झाडं छान वाढली’ यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मुळांशी क्लोराइड मोजलं, कारण रेणू खरोखर तुटला असेल तर त्यातला क्लोरीन क्लोराइड होऊन मातीत उतरलाच पाहिजे. जिवाणूवाल्या झाडांशी तो जास्त सापडला. आपल्याकडच्या किती ‘हरित सफाई’ प्रकल्पांच्या अहवालात विष कशात बदललं याचं असं मोजमाप असतं? मी वाचलेल्या बहुतेकांत रोपांची संख्या असते आणि जगण्याची टक्केवारी असते.

आता धातू. इथे थोडा हिशेब करू, कारण हिशेब केल्याशिवाय या विषयावर बोलणं म्हणजे शुभेच्छा देणं झालं. एक हेक्टर जमीन, नांगराची २० सेंटिमीटर खोली. एवढ्या मातीचं वजन साधारण २६०० टन भरतं. तिच्यात कॅडमियम सुरक्षित मर्यादेपेक्षा फक्त २ मिलिग्रॅम प्रति किलोने जास्त आहे असं धरा. म्हणजे ५ किलो २०० ग्रॅम कॅडमियम बाहेर काढायचं आहे. मोहरी लावली. भरघोस पीक येऊन वाळलेला पाला-धांडे हेक्टरी १० टन मिळाले आणि त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम चढलं, तर एका पिकात २०० ग्रॅम निघालं. म्हणजे २६ पिकं. तीही प्रत्येक वेळी तितकंच शोषलं जाईल असं धरून, जे होत नाही. शिशाचा हिशेब याहून वाईट. किलोमागे ५०० मिलिग्रॅम कमी करायचं तर १३०० किलो शिसं काढावं लागेल, आणि मोहरीच्या पाल्यात ५० मिलिग्रॅम चढलं तर एका पिकात अर्धा किलो. २६०० पिकं. हे आकडे समजण्यापुरते आहेत, जमिनीगणिक बदलतील, पण तेवढ्याने चित्र उलटं होणार नाही.

शिशाची ही अडचण अमेरिकेतल्या लोकांना १९९० च्या दशकातच कळली होती. त्यावर त्यांनी तोड काढली: मातीत ईडीटीए हे रसायन मिसळायचं, मग शिसं सुटं होतं आणि मोहरी ते भराभर ओढते. आकडे झकास आले. कंपन्या निघाल्या. थोड्याच वर्षांत लक्षात आलं की सुटं झालेलं सगळं शिसं मोहरी ओढत नाही, उरलेलं पाण्याबरोबर खाली भूजलात उतरतं, आणि ईडीटीए स्वतः मातीत लवकर विघटित होत नाही. जागच्या जागी बसलेलं विष विहिरीत पाठवण्याचा तो मार्ग होता. तो मागे पडला. आज आपल्याकडे कुणी ‘शोषण वाढवणारं द्रावण’ असं गोड नाव देऊन तो पुन्हा आणला, तर ओळखता यावं म्हणून हा तपशील सांगतोय.

मातीची जातही इथे आड येते. विदर्भ-मराठवाड्याची काळी भारी माती चुनखडीची, विम्ल (आम्लाच्या उलट गुणाची) आणि चिकण. ती धातूंना घट्ट धरून ठेवते. त्यामुळे पिकात धातू कमी उतरतो, हे खाणाऱ्याचं नशीब. पण तीच घट्ट पकड असल्याने झाडालाही तो ओढता येत नाही. कोकणात उलट. महाड, लोटे इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त, जमीन जांभ्याची आणि आम्लधर्मी, धातू तुलनेने मोकळा. तिथे झाड जास्त ओढेल, पण पाऊसही तितकाच धुऊन खाडीत नेईल. नागपूरला चाललेली पद्धत महाडला चालेलच असं नाही. राज्यभरासाठी एकच परिपत्रक काढणाऱ्या खात्यांनी निदान एवढं ध्यानात घ्यावं.

आणि शोषून घेणारं झाड सापडलं तरी गोष्ट संपत नाही, खरी तिथे सुरू होते. २००१ मध्ये फ्लोरिडात, लाकूड टिकवण्याच्या रसायनांनी खराब झालेल्या जागेवर, लेना मा यांच्या गटाला टेरिस व्हिटाटा हा नेचा सापडला. त्याच्या वाळलेल्या पानांत आर्सेनिक दोन टक्क्यांहून जास्त भरू शकतं. हा नेचा परका नाही. आपल्याकडे जुन्या चुन्याच्या भिंतींवर, विहिरींच्या कडांना तो आपसूक उगवतो. विलक्षण झाड आहे. पण दोन टक्के आर्सेनिक असलेला पाला हा घातक कचरा आहे. तो कापणार कोण, कोणते हातमोजे घालून, वाळवणार कुठे, वाऱ्याने उडाला तर काय, जाळला तर धुरातलं आर्सेनिक कुठे धरणार? मोहरीचं तर आणखी अवघड. तिची कोवळी पानं भाजीला चालतात, दाण्याचं तेल निघतं, आणि मोकाट जनावरांना कुंपणावरची पाटी वाचता येत नाही.

या प्रश्नांकडे आपण कसं पाहतो हे जलपर्णीवरून दिसतं. जलपर्णी पाण्यातले धातू चांगले ओढते, हे सर्वमान्य आहे. दर उन्हाळ्यात नद्यांवरची जलपर्णी काढायचा ठेका निघतो. पोकलेन लागतो, हिरवे ढीग उपसले जातात आणि पुष्कळदा काठावरच, पूररेषेच्या आत, टाकले जातात. आठवड्याभरात ते काळे पडतात, चिखलासारखे बसतात, वास सुटतो. जूनमध्ये नदी चढते आणि ढीग परत पाण्यात. बिल पास झालेलं असतं. झाडाने त्याचं काम चोख केलेलं असतं. माणसाने ते काठावरून परत ढकललेलं असतं. नदीकाठी जी शिस्त आपल्याला पाळता आली नाही, ती शिस्त शिसं-कॅडमियम भरलेल्या पिकाच्या बाबतीत आपण पाळू, असं मी केवळ विश्वासावर मान्य करणार नाही.

पाऱ्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९९६ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात रिचर्ड मीगर यांच्या गटाने जिवाणूतलं एक जनुक वनस्पतीत घातलं. ती वनस्पती मातीतला पारा घेऊन त्याची वाफ करून हवेत सोडते. विज्ञान म्हणून थक्क करणारं काम. पण जमिनीतला पारा हवेत गेला की तो जाईल तिथे पुन्हा उतरणारच. त्या जमिनीचा अहवाल मात्र ‘स्वच्छ’ येईल.

धातूच्या जमिनीसाठी झाडं निरुपयोगी आहेत असं यावरून कुणी समजू नये. अल्बानियात निकेलयुक्त नैसर्गिक जमिनीवर शेतकरी निकेल ओढणारं पीक घेतात. हेक्टरी शंभरेक किलो निकेल मिळतं आणि पाला जाळून तो विकता येतो, म्हणून तिथे गणित जमतं. आपल्या बहुतेक जमिनींवर असा विकाऊ धातू नाही. तिथे झाडांचं खरं काम वेगळं आहे: विष जागेवर धरून ठेवणं. धूळ उडू न देणं, पावसाचं पाणी खाली झिरपू न देता पानांवाटे उडवून देणं, मुळांनी माती बांधणं. या कामात नागपूरच्या नीरीने जे केलं ते देशात कुठेही दाखवण्याजोगं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीचे ढिगारे आणि चंद्रपूरजवळच्या पद्मापूरच्या कोळसा खाणीवरचा काढून टाकलेला मुरूम, यांवर आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडी उभी केली. या ढिगाऱ्यांत सेंद्रिय कर्ब जवळपास नाही, नत्र नाही, पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात पायाला चटका बसेल अशी तापलेली दगडी माती. त्यांनी खड्ड्यात साखर कारखान्यातला प्रेसमड (उसाच्या रसातून निघणारा गाळ) घातला, रोपांच्या मुळांना रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी दिली आणि साग, शिसव, कडुनिंबासारखी झाडं लावली. झाडं जगली. कारखान्याला नकोसा झालेला प्रेसमड खाणीला नकोशा झालेल्या ढिगाऱ्यावर उपयोगी पडला. इतकं साधं आणि इतकं विचारपूर्वक काम मला फार थोडं आढळलं आहे.

तरी तिथला मँगनीज ढिगाऱ्यातच आहे, आणि तो तिथे राहणं हाच त्या कामाचा हेतू होता. म्हणून अशा जागेवर पुढची कितीतरी वर्षं पाण्याचे नमुने घ्यावे लागतात आणि ती झाडं तोडायची नसतात. गोव्यात खाणींच्या ढिगाऱ्यांवर पूर्वी ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली गेली. दुरून रान दिसतं, आत शिरलं की खाली झुडूप नाही, पक्षी कमी, गवत नाही. ढिगारा झाकला गेला एवढं खरं, पण त्याला पुनर्वसन म्हणण्याआधी खालून वाहणाऱ्या पाण्याची चव तिथल्या शेतकऱ्याला विचारावी.

माझी खरी तक्रार इथे आहे. पर्यावरण मंजुरीच्या अटींत ३३ टक्के हरित पट्टा असतो. तो चांगला आहे, धूळ-आवाज अडवतो. पण वार्षिक अहवालात त्याच पट्ट्याचे फोटो माती सुधारल्याचा पुरावा म्हणून छापले जातात. कंपनीच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीतून पाच हजार रोपं लावली की मागच्या नाल्यातून तीस वर्षं गेलेल्या पाण्याचा विषय बंद होतो. झाडाबद्दल आपल्या मनात इतका आदर आहे की झाड लावणाऱ्याला अडवायला आपल्याला संकोच वाटतो. त्या संकोचाचा फायदा घेतला जातो आणि मला त्याचा राग येतो. नळ चालू ठेवून फरशी पुसण्याला सफाई म्हणत नाहीत. सांडपाणी येणं थांबलेलं नसेल तर कितीही गुणी झाड आणि कितीही भुकेला जिवाणू तिथे हरणारच.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. ही मोठी गोष्ट आहे, कारण त्याआधी दूषित जागा शोधण्यापासून सफाईपर्यंतची एकसलग कायदेशीर चौकट आपल्याकडे नव्हती. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायची, तज्ज्ञ संस्थेने सफाईचा आराखडा करायचा, ज्याने घाण केली त्याने पैसे भरायचे; तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र-राज्याने. तेव्हा देशात निश्चित झालेल्या जागा १०३ होत्या आणि सफाई सुरू झालेल्या फक्त ७. पण तपासणी-आराखड्याला मुदत आहे, सफाई पुरी करायला नाही. खाणकामाचं प्रदूषण या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवलंय, म्हणजे गुमगाव-पद्मापूरसारख्या ज्या जागांवर आपल्याला सर्वांत जास्त अनुभव आहे त्याच बाहेर. मुदत नसलेल्या नियमात झाडांचा पर्याय सोयीचा ठरण्याचा धोका आहे. ‘वीस वर्षांत होईल’ असं लिहून आराखडा मंजूर होईल, आणि वीस वर्षांत कंपनीचे मालक, मंडळाचे अधिकारी आणि फाइल ठेवायची कपाटं सगळंच बदललेलं असेल.

म्हणून झाडांनी सफाई करायची असेल तर पहिल्याच दिवशी संपूर्ण कालावधीचे पैसे वेगळ्या खात्यात भरून घ्यावेत. दर दोन वर्षांनी ठरलेल्या ठिकाणांची माती तपासावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. कापलेल्या पाल्याचं वजन, त्यातला धातू आणि तो कुठे गेला याची पावती असावी. किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ, हेही आधी ठरवावं, आणि तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरवावं. तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या बंद थर्मामीटर कारखान्याच्या मातीत किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत पारा राहिला तरी चालेल असं ठरलं, तेव्हा स्थानिक कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं भांडण मांडलं की युरोपात घराजवळच्या जमिनीला असा आकडा चालला असता का. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

‘आपला देश गरीब, आपल्याला स्वस्त उपायच परवडतो’ असं यावर कुणी म्हणेल. उपाय स्वस्त आहे तो कुणासाठी? शेतकऱ्याची जमीन पंधरा वर्षं खाण्याचं पीक न घेता अडकणार असेल, तर तो खर्च कंपनीच्या वहीत दिसत नाही म्हणून स्वस्त वाटतो. त्या पंधरा वर्षांचं दरवर्षीचं उत्पन्न त्याच खात्यातून शेतकऱ्याला मिळालं पाहिजे, आणि रोपं लावण्या-कापण्याचं, नमुने घेण्याचं काम त्याच गावातल्या मुलामुलींना शिकवून, पगार देऊन करून घेतलं पाहिजे. मातीचा नमुना घेणं अवघड नाही. शेतात नागमोडी चालत व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, पाटीत एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. हे गावोगाव लोकांना येतं. धातूंसाठी लोखंडी खुरप्याऐवजी प्लास्टिकचं वा लाकडी वापरायचं, एवढाच फरक.

अडचण पुढे आहे. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. शिसं नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही, पारा नाही, आर्सेनिक नाही. औद्योगिक वसाहतीच्या भिंतीला लागून असलेल्या शेताची पत्रिकाही हीच, आणि तिच्यावर हेक्टरी किती युरिया टाकावा याचा सल्ला छापलेला. एमआयडीसीपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गावांसाठी या पत्रिकेत पाच रकाने वाढवायचे आणि त्याचा खर्च त्या वसाहतीकडून घ्यायचा, याला नवा कायदा लागत नाही. तोवर ग्रामसभांनी थांबू नये. ज्या शेतात विहिरीच्या पाण्यावर तवंग येतो, ज्या बांधाखाली पीक पिवळं पडतं, त्यांचे गट नंबर ठरावात लिहून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावेत आणि पोच घ्यावी. सहामाही यादी बनवायची जबाबदारी आता त्यांच्यावर आहे, आणि ठरावातला गट नंबर त्या यादीत का आला नाही हे पुढच्या सहा महिन्यांनी विचारता येतं.